मुलांच्या कार्यक्रमात आयुष्य काढता येते का?

एका तरुण सूत्रसंचालिकेने मला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. गेली ४ वर्षे त्या लहान मुलांसाठीचा एक साप्ताहिक कार्यक्रम सादर करतात. त्यांचे वय २९ आहे, आणि घरचे व सहकारी दोघेही त्यांना सांगत असतात की पोरखेळ पुरे झाला, आता मोठ्यांच्या कार्यक्रमाकडे वळा, नाहीतर 'मुलांची ताई' असा शिक्का बसेल तो बसेलच. या कामात पूर्ण आयुष्य काढलेले कोणी आहे का, त्यांनी ते कसे काढले आणि चेहरा जुना झाल्यावर हाती काय उरते, असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः २७ वर्षे मुलांच्या कार्यक्रमांसाठी लिहिले आहे, बाहुल्यांना आवाज दिले आहेत आणि काही वर्षे कॅमेऱ्यासमोरही उभी राहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आयुष्य काढता येते. मात्र ज्यांनी ते काढले त्यांच्यात निव्वळ चेहऱ्यावर टिकलेला माणूस मला अजून आढळलेला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कॅमेऱ्यासमोर येणे हे या व्यवसायातले सर्वांत शेवटचे काम आहे, आणि आपल्याकडे आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो. हे पटवून देण्यासाठी अमेरिकेतल्या फ्रेड रॉजर्स यांचे उदाहरण घेते. त्यांचा कार्यक्रम १९६८ ते २००१ एवढा काळ तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर चालला आणि त्याचे ८९५ भाग झाले. एवढे ऐकून बहुतेकांना वाटते की तारुण्यातच कोणीतरी या माणसाला हेरले असावे. प्रत्यक्षात स्वतःचा चेहरा घेऊन ते पहिल्यांदा पडद्यावर आले ते १९६३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, आणि तेही दुसऱ्याने आग्रह केला म्हणून. त्याआधीची १२ वर्षे ते याच माध्यमात होते, पण पडद्यामागे.

रॉजर्स यांचा जन्म २० मार्च १९२८ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लॅट्रोब या छोट्या औद्योगिक गावातला. घर सधन होते. मूल मात्र दम्याने बेजार, अंगाने स्थूल, शाळेत चिडवले जाणारे आणि बरेचसे एकटे. खोलीत बसून बाहुल्यांशी बोलणे आणि पियानो वाजवणे हा त्याचा विरंगुळा होता. पुढे त्यांनी रॉलिन्स कॉलेजातून १९५१ मध्ये संगीतरचनेची पदवी घेतली आणि धर्मशिक्षणाकडे वळायचे ठरवले. त्याच सुमारास आईवडिलांच्या घरी नवा दूरचित्रवाणी संच आला होता. त्यावर माणसे एकमेकांच्या तोंडावर क्रीमचे केक फेकून हसवत होती. एवढे विलक्षण साधन आणि त्याचा असा उपयोग, याचा त्यांना राग आला, आणि त्या रागापोटी ते न्यूयॉर्कला एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीमध्ये उमेदवारी करायला गेले. तिथे ते फ्लोअर मॅनेजर झाले. कोणता दिवा कुठे लावायचा, किती सेकंद उरले आहेत हे हाताच्या खुणेने कसे सांगायचे, गायक अडखळला तर काय करायचे हे सारे ते तिथे शिकले. तुमच्यापैकी किती जणांनी दुसऱ्याच्या कार्यक्रमात फ्लोअरवर उभे राहून वर्षभर नुसते पाहिले आहे, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

१९५३ मध्ये त्यांनी ती चांगली नोकरी सोडली आणि पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या नव्या केंद्रात ते रुजू झाले. हे केंद्र तेव्हा प्रक्षेपणही करत नव्हते, त्यामुळे सहकाऱ्यांना हा वेडेपणाच वाटला. १९५४ मध्ये तिथे मुलांचा एक कार्यक्रम सुरू झाला. समोर सूत्रसंचालिका जोसी कॅरी आणि मागे रॉजर्स, हातात बाहुल्या घेऊन, ऑर्गन वाजवत, गाण्यांच्या चाली बांधत. प्रक्षेपण थेट असायचे. आदल्या दिवशी केंद्राच्या प्रमुख डोरोथी डॅनियल यांनी त्यांना बाहुलीच्या रूपातला एक छोटा वाघ भेट दिला होता. त्याचेच नाव डॅनियल ठेवले गेले आणि पहिल्याच दिवशी सेटवरच्या रंगवलेल्या घड्याळाला भोक पाडून तो वाघ बाहेर डोकावला. कार्यक्रमात बाहेरून मिळालेल्या छोट्या फिल्म दाखवायच्या असत. त्या जुन्या असल्याने मध्येच तुटत, आणि तुटली की जोडेपर्यंतचा वेळ कोणीतरी भरून काढायला हवा. तो वेळ बाहुल्या भरून काढत. पुढच्या साऱ्या पात्रसृष्टीचा उगम हा असा, तुटलेल्या फिल्मच्या फटीतला आहे.

इथेच एक बारीक गोष्ट सांगते. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कार्यक्रमात रॉजर्स दार उघडून आत येत, कोट काढून कपाटात अडकवत, चेनचा स्वेटर घालत, बाकावर बसून बूट काढत आणि कापडी बूट चढवत. हा क्रम ३३ वर्षे बदलला नाही. ते कापडी बूट म्हणजे काही खास अदा नव्हती. थेट प्रक्षेपणाच्या दिवसांत ऑर्गनपासून बाहुल्यांच्या पडद्यापर्यंत पळावे लागे, चामडी बुटांचा आवाज ध्वनिक्षेपकात जाई, म्हणून ते घातलेले. स्वेटर त्यांच्या आईने विणलेले होते, आणि त्यातला एक लाल स्वेटर १९८४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेत आहे. ज्याला आपण 'शैली' म्हणतो ती अशी कामाच्या गरजेतून आणि घरातून येते. वेशभूषाकाराला सांगून ती येत नाही.

या पडद्यामागच्या वर्षांत त्यांनी दोन ठिकाणी शिक्षण घेतले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते धर्मशास्त्राच्या वर्गाला जात, आणि अशी सुमारे ८ वर्षे काढून १९६३ मध्ये ते प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक झाले. त्यांना नेमून दिलेले कार्य म्हणजे प्रसारमाध्यमांतून मुलांची आणि कुटुंबांची सेवा. पडद्यावर मात्र त्यांनी धर्माचा उपदेश केला नाही. दुसरे शिक्षण माझ्या मते जास्त महत्त्वाचे होते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या बालमानसशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड यांच्या हाताखाली ते मुलांचे निरीक्षण करायला शिकले. बेंजामिन स्पॉक आणि एरिक एरिक्सन यांच्यासारख्या नामवंत बालतज्ज्ञांबरोबर ज्यांनी बालकेंद्र उभे केले त्या या बाई. मॅकफार्लंड यांनी एका शिल्पकाराला दर आठवड्याला बालवर्गात बोलावले होते. मुलांना शिल्पकला शिकवू नका, त्यांच्यासमोर बसून मनापासून मातीत काम करा, एवढेच त्यांनी त्याला सांगितले. त्या वर्षी मुलांनी माती जशी हाताळली तशी त्यापूर्वी कधी हाताळली नव्हती. ही गोष्ट रॉजर्स आयुष्यभर सांगत, आणि १९८८ मध्ये बाई वारल्या तोपर्यंत जवळपास दर आठवड्याला त्यांच्यापुढे संहिता घेऊन बसत. वयाच्या साठीपर्यंत आपले लिखाण तपासून घ्यायला दुसऱ्याकडे जाणारा सूत्रसंचालक तुम्हाला माहीत आहे का? मला तरी आपल्याकडे असा कोणी भेटला नाही, आणि मी स्वतःही तशी नव्हते.

१९६३ मध्ये कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेतले फ्रेड रेन्सबेरी यांनी त्यांना टोरोंटोला बोलावले आणि सांगितले की तुम्ही मुलांशी कसे बोलता ते मी पाहिले आहे, आता तेच कॅमेऱ्यासमोर करा. तिथे १५ मिनिटांचा कार्यक्रम झाला. रॉजर्स यांच्याबरोबर पिट्सबर्गहून गेलेले अर्नी कूम्ब्स हे मदतनीस मात्र कॅनडातच राहिले, आणि पुढे 'मिस्टर ड्रेसअप' म्हणून १९६७ ते १९९६ अशी जवळजवळ तीन दशके तिथल्या मुलांचे लाडके झाले. एकाच छोट्या चमूतून दोन आयुष्यभराच्या कारकिर्दी निघाल्या, आणि दोघांचाही पाया बाहुल्यांच्या मागचा होता. रॉजर्स दोन्ही मुलांना पिट्सबर्गमध्येच वाढवावे म्हणून परतले आणि १९ फेब्रुवारी १९६८ पासून त्यांचा कार्यक्रम देशभर दिसू लागला.

आता भाषेविषयी लिहिते. तुमच्या रोजच्या कामाला सर्वांत उपयोगी पडेल असा भाग हाच आहे.

रॉजर्स पडद्यावर एका मुलाशी बोलत. लाखो मुलांशी नव्हे. इंग्रजीत हे तुलनेने सोपे, कारण त्या भाषेतला 'यू' एकालाही चालतो आणि अनेकांनाही, मुलालाही आणि मुलीलाही. मराठीत तसे नाही. मुंबई दूरदर्शनवरच्या 'किलबिल'च्या काळापासून आपल्या कानांना 'बालमित्रांनो' या हाकेची सवय आहे. ती हाक गोड आहे, पण ती सभेला उद्देशून आहे, आणि घरात संचासमोर बसलेले मूल सभा नसते. ते एकटे असते, पाय पसरून बसलेले असते, हातात पोळीचा तुकडा असतो. शिवाय त्या हाकेत मैत्रिणी कुठे आहेत? मग 'तू' म्हणावे, तर लगेच क्रियापद आडवे येते, 'काय करतोस' की 'काय करतेस', 'घाबरलास' की 'घाबरलीस'. मी पहिली तीन वर्षे सरसकट 'करतोस' लिहीत होते. एका चित्रीकरणाला आलेल्या ५ वर्षांच्या मुलीने मला थांबवून विचारले, "तू फक्त दादांशी बोलतेस का?" त्या दिवसापासून मी वाक्ये वळवायला शिकले. 'तू कधी रागावलास' याऐवजी 'तुला कधी राग आला'. 'तू काय खाल्लंस' चालते, कारण तिथे लिंगभेद नाही. 'तू झोपलास का' याऐवजी 'तुझी झोप झाली का'. मराठीत 'तुला', 'तुझं', 'तुझ्याकडे' यांच्या आधाराने जवळजवळ सगळा कार्यक्रम लिंगनिरपेक्ष लिहिता येतो, आणि गंमत म्हणजे तो जास्त जिव्हाळ्याचाही होतो, कारण अशी वाक्ये मुलाच्या कृतीवर बोट ठेवत नाहीत, त्याला काय वाटते तिकडे जातात. हे मला कोणत्याही कार्यशाळेत शिकवले नाही.

रॉजर्स यांच्या चमूतल्या आर्थर ग्रीनवाल्ड आणि बॅरी हेड यांनी १९७७ मध्ये त्यांच्या या भाषेचे थट्टेच्या सुरात पण अचूक असे नऊ पायऱ्यांचे टिपण केले होते. 'रस्त्यावर खेळणे धोक्याचे आहे' हे वाक्य घेऊन त्यांनी दाखवले की ते कसे बदलत जाते. आधी नकाराचे होकारात रूपांतर, म्हणजे सुरक्षित जागी खेळणे चांगले. मग सुरक्षित जागा कोणती हे मुलाला ठरवता येत नाही, म्हणून ते आईबाबांना विचारायला सांगायचे. मग त्यातला आज्ञेचा सूर काढायचा. मग खात्री काढायची, कारण आईबाबा सांगतीलच असे नाही, ते सांगू शकतात. मग लक्षात येते की प्रत्येक मुलाला आईबाबा असतातच असे नाही, म्हणून 'तुझी आवडती मोठी माणसे'. आणि असेच पुढे. हसू येते खरे. पण माझ्या टेबलावर एकदा 'आईने दिलेला डबा' असे लिहिलेली संहिता होती आणि समोर बसलेल्या सहा मुलांपैकी एकाला आई नव्हती, तेव्हा मला हसू आले नाही.

शब्द मुलाच्या कानाने ऐकण्याचा त्यांचा हट्ट विलक्षण होता. रुग्णालयावरच्या एका भागात परिचारिका रक्तदाबाच्या पट्ट्यात हवा भरताना जो इंग्रजी शब्द वापरत होती त्याचा दुसरा अर्थ 'उडवून देणे' असा होतो, म्हणून तो बदलून घेतला गेला. न्हाणीघराच्या मोरीतून आपण वाहून जाऊ अशी भीती लहान मुलांना असते, म्हणून तू मोरीतून जाऊ शकणार नाहीस असे सांगणारे गाणेच त्यांनी लिहिले. आपल्याकडे 'डॉक्टरकाका थोडं रक्त काढतील' हे वाक्य आपण सहज बोलतो. मी लिहिलेल्या अशाच एका प्रसंगानंतर एका मुलाने विचारले होते, "मग परत कधी भरतात?" आपण म्हणतो 'काढतील', आणि मूल ऐकते रिकामे होणे. तेव्हापासून 'शरीर नवीन रक्त बनवत राहतं' हे वाक्य मी आधी घालते आणि सुई नंतर आणते.

अवघड विषयांवरचे त्यांचे काम याच शिस्तीतून आले आहे. पहिल्याच राष्ट्रीय आठवड्यात, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, त्यांच्या बाहुल्यांच्या राज्यातला राजा फ्रायडे बदलाच्या भीतीने सीमेवर पहारे बसवतो आणि प्रजा फुग्यांना शांततेचे संदेश बांधून किल्ल्यात सोडते. त्याच वर्षी जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा त्यांनी तातडीने पालकांसाठी एक विशेष भाग केला. त्यात डॅनियल वाघ त्याच राज्यातल्या लेडी अॅबर्लिनला फुगा फुगवायला सांगतो, त्यातली हवा जाऊ द्यायला सांगतो, फुग्यातली हवा गेली कुठे असे विचारतो, आणि मग हळूच विचारतो की हत्या म्हणजे काय. हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. लेखक म्हणून मला त्यात सर्वांत थोर वाटतो तो फुगा. मूल कठीण प्रश्न कधीच सरळ विचारत नाही, आधी आजूबाजूला घुटमळते, हे ज्याने शेकडो तास मुले पाहिली आहेत त्यालाच लिहिता येते. १९७० च्या एका भागात टाकीतला एक मासा मेलेला सापडतो. रॉजर्स त्याला मिठाच्या पाण्यात ठेवून पाहतात, उपयोग होत नाही, मग ते त्याला अंगणात पुरतात आणि लहानपणी आपला कुत्रा मेला तेव्हा आपल्याला किती वाईट वाटले होते ते सांगतात. 'मेला' हाच शब्द ते वापरतात. आपण 'देवाघरी गेले' म्हणतो, आणि मूल दारात बसून विचारते की आजोबा परत कधी येणार.

याच टाकीची आणखी एक गोष्ट आहे. ते रोज माशांना खाऊ घालत. एका अंध मुलीच्या घरून पत्र आले की मासे उपाशी तर नाहीत ना याची तिला काळजी वाटते, कारण तिला ते दिसत नाही. तेव्हापासून ते 'मी आता माशांना खाऊ घालतो आहे' असे मोठ्याने म्हणू लागले. पत्रे वाचणे आणि त्यांना उत्तरे देणे हा त्यांच्या दिवसाचा ठरलेला भाग होता.

पैशाबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून बोलते. १ मे १९६९ रोजी रॉजर्स अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे गेले. सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठीच्या २ कोटी डॉलरच्या अनुदानाला कात्री लावायचा विचार चालू होता आणि अध्यक्षस्थानी असलेले सिनेटर जॉन पॅस्टोरे दिवसभराच्या लेखी निवेदनांना कंटाळले होते. रॉजर्स यांनी आणलेले निवेदन वाचलेच नाही. आपला पहिला कार्यक्रम ३० डॉलरांत सुरू झाला होता, आताच्या एका भागाला ६,००० डॉलर लागतात आणि तेवढ्यात व्यंगपटाची दोन मिनिटेही होत नाहीत, असे त्यांनी सांगितले, आणि राग आला तर काय करावे यावरच्या आपल्या गाण्याचे शब्द संथपणे म्हणून दाखवले. सहा-सात मिनिटांत पॅस्टोरे म्हणाले की तुम्ही ते २ कोटी मिळवलेत असे दिसते. ही चित्रफीत आज जगभर फिरते. तीत वक्तृत्वाचा भाग कमीच आहे. जो माणूस १५ वर्षे रोज एकाच सुरात बोलत आला, त्याला सिनेटरशीही त्याच सुरात बोलता आले, एवढेच तिथे घडले.

मुलांना वस्तू विकायला ते कधीच तयार झाले नाहीत. १९८४ मध्ये एका खाद्यसाखळीने त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या नटाला घेऊन जाहिरात केली, तेव्हा त्यांनी हरकत घेतली आणि ती जाहिरात मागे घेतली गेली. इथे मला एक खडा टाकलाच पाहिजे. घरची सुबत्ता पाठीशी असताना जाहिराती नाकारणे तुलनेने सोपे असते. मला ते सोपे गेले नव्हते. एका वाहिनीने माझ्या सेटवरच्या बाहुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायला सांगितले, मी नाही म्हटले, आणि पुढच्या हंगामात बाहुली तीच राहिली, तिचा आवाज मात्र दुसऱ्याचा होता. बाहुलीचे नाव मी ठेवले होते, तिची बोलण्याची लकब माझी होती, पण करारात त्यातले काहीच माझे नव्हते. रॉजर्स यांनी १९७१ मध्येच ना-नफा तत्त्वावर स्वतःची संस्था काढली आणि पात्रे तिच्याकडे ठेवली. म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर ९ वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच वाघाच्या मुलावर नवी चलचित्रमालिका निघू शकली. ब्रिटनमध्ये बीबीसीचा 'ब्लू पीटर' हा मुलांचा कार्यक्रम १२ वर्षे सादर करणारे जॉन नोक्स यांचे उलटे झाले. १९७७ मध्ये हा माणूस कार्यक्रमासाठी कमरेला दोर न बांधता लंडनच्या उंच नेल्सन स्तंभावर शिडीने चढला होता. मुलांनी त्यांना ज्याच्यासोबत ओळखले तो शेप कुत्रा मात्र बीबीसीच्या मालकीचा होता. कार्यक्रम सोडल्यावरची कटुता त्यांच्या बोलण्यातून बरीच वर्षे गेली नाही.

रॉजर्स यांना देव्हाऱ्यात बसवू नये असे मला वाटते. त्यांच्या कार्यक्रमातले पोलीस अधिकारी म्हणजे कृष्णवर्णीय गायक फ्रांस्वा क्लेमन्स. अमेरिकेत पोहण्याच्या तलावांवरून वर्णभेदाचे वाद चालू असताना, १९६९ च्या एका भागात रॉजर्स यांनी त्यांना आपल्या छोट्या पाण्याच्या टबात पाय बुडवायला बोलावले आणि एकाच टॉवेलने दोघांचे पाय पुसले गेले. पण क्लेमन्स समलिंगी होते, आणि ते उघड झाले तर कार्यक्रमात राहता येणार नाही असे याच रॉजर्स यांनी त्यांना सांगितले होते. क्लेमन्स यांनी पुढे हे सारे स्वतः सांगितले आहे, आणि प्रेमानेच सांगितले आहे. तरी ते घडले होते. मुलांच्या कार्यक्रमातला माणूस काय दाखवू शकतो याची हद्द प्रायोजक आणि पालक ठरवतात, आणि ती हद्द कुठे ओलांडायची व कुठे मान तुकवायची याचे निर्णय त्या माणसालाच घ्यावे लागतात. ते नेहमी बरोबर येत नाहीत.

'शिक्का बसेल' या भीतीविषयी सांगायचे तर शिक्का बसतोच. १९७५ मध्ये रॉजर्स थांबले. दर काही वर्षांनी प्रेक्षक नवा असतो, त्यामुळे झालेले भाग पुन्हा दाखवले तरी पुरेत, हा हिशेब त्यात होता. त्यांनी प्रौढांसाठी मुलाखतींचा कार्यक्रम करून पाहिला. तो वाईट नव्हता, पण लोकांना हवे होते ते स्वेटर घातलेले रॉजर्स, आणि १९७९ मध्ये ते परत आले. परतल्यावर मात्र वर्षाला ६५ भागांऐवजी त्यांनी मोजकेच, एकेका आठवड्याला एक विषय घेऊन केले, जसे घटस्फोट, शाळेचा पहिला दिवस, भांडण. तुम्हाला मोठ्यांच्या कार्यक्रमात जायचे असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही. पण मुलांचे काम 'लहान' आहे म्हणून जाऊ नका. फ्लोएला बेंजामिन या त्रिनिदादहून १९६० मध्ये इंग्लंडला आलेल्या बाईंनी १९७६ पासून बीबीसीवर मुलांचा 'प्ले स्कूल' सादर केला, आणि त्याच कामाच्या बळावर, मुलांच्या प्रश्नांवर बोलत बोलत, त्या २०१० मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जाऊन बसल्या. शिक्का तोच होता, पण त्यांनी तो पुसायचा प्रयत्न केला नाही.

तुमच्या बाबतीत मी सुचवेन ते असे. पुढचे वर्षभर आपल्या कार्यक्रमाची निदान निम्मी संहिता स्वतः लिहा. जवळच्या बालवाडीत आठवड्यातून एक सकाळ जाऊन कोपऱ्यात बसा आणि काहीही सादर करू नका. पात्र तुम्ही घडवले असेल तर कराराच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याच्या नावाचा उल्लेख करून घ्या. आणि बोलण्याचा वेग कमी करा. तुमचे दोन भाग मी पाहिले. तुमचा आवाज छान आहे, पण प्रश्न विचारल्यावर तुम्ही अर्ध्या सेकंदात स्वतःच उत्तर देता. रॉजर्स यांनी एकदा एक मिनिट म्हणजे किती ते दाखवायला स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ लावले आणि पूर्ण मिनिटभर काहीही न बोलता बसून राहिले. तुम्ही तीन सेकंदांपासून सुरुवात करा. संकलक ते कापायला निघेल, त्याच्याशी भांडा.

चेहरा जुना झाल्यावर काय उरते, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. रॉजर्स यांनी शेवटचा भाग १ डिसेंबर २०००ला चित्रित केला, आणि तो दाखवला गेला ३१ ऑगस्ट २००१ रोजी, शुक्रवारी. ते तेव्हा ७३ वर्षांचे होते, आणि पुढे दीड वर्षात कर्करोगाने गेले. त्या भागात निरोप नाही. हा शेवटचा भाग आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, कारण सोमवारी जुने भाग पुन्हा सुरू होणार होते, आणि शुक्रवारी कायमचा निरोप घेऊन सोमवारी दारातून आत येणारा माणूस ३ वर्षांच्या मुलाला कळला नसता. त्यांनी नेहमीप्रमाणे स्वेटर काढून कपाटात ठेवला, कोट घातला, बूट बदलले आणि ते दाराबाहेर पडले.